रिव्हॉल्व्हर कस्टम करून घ्यायचंय? गनस्मिथकडे काय मागायचं आणि कोणत्या क्रमाने

कस्टम रिव्हॉल्व्हर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर आधी नक्षीकाम येतं, भारीतल्या ग्रिप्स येतात, आरशासारखं ब्लूइंग (स्टीलला दिलेला निळा-काळा रंग) येतं, आणि मग पैसे पण त्याच क्रमाने जातात. माझं मत बरोब्बर उलटं आहे. पहिला पैसा आत घालायचा, जिथे काही दिसत नाही तिथे, म्हणजे सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरणारा भाग), बॅरल, लॉकअप (सिलिंडर जागेवर किती घट्ट अडकतं ते). मग ट्रिगर, मग साइट, मग ग्रिप्स, आणि फिनिश सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर मधेच बजेट संपलं तरी हातात नीट चालणारी गन राहते, उलट्या क्रमाने गेलात तर सुंदर दिसणारी आणि नेम न धरणारी गन राहते.

हे सगळं मी अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, आणि मुख्यतः सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरबद्दल, म्हणजे दर गोळीला हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने मागे ओढावा लागतो अशा, रुगर कंपनीच्या ब्लॅकहॉकच्या जातीच्या, कारण कस्टम कामाला यापेक्षा चांगला बेस मला तरी माहीत नाही. भारतात असाल तर इथेच थांबा. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे तिथे नुसती दुरुस्ती सुद्धा लायसन्स असलेल्या माणसाकडूनच करावी लागते, बॅरल आखूड करायला वेगळी परवानगी लागते, आणि "आमच्या ओळखीचा एक लोहार आहे, तो करून देईल" असलं काही ऐकलं तर तिथून सरळ उठून घरी यायचं.

आधी कायद्याचं

एच-वन-बी किंवा दुसऱ्या कुठल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने गन जवळ बाळगायलाच बंदी आहे, त्याला काही अपवाद आहेत, सगळ्यात जास्त वापरला जातो तो कुठल्यातरी राज्याच्या वैध हंटिंग लायसन्सचा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपल्या राज्याचं आधी बघा, रेंजवरच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

गनस्मिथकडे फेडरल फायरआर्म्स लायसन्स असायला हवं. तुमची गन तो रात्रभर ठेवून घेणार असेल तर त्याला ती रजिस्टरमधे चढवावी लागते, आणि चांगला माणूस हे तुम्ही न विचारताच करतो. सिरीयल नंबरला कोणी हात लावायचा नाही, पॉलिश करताना तो पुसट झाला तरी तुम्हालाच त्रास, त्यामुळे फिनिशचं काम देताना हे तोंडाने स्पष्ट सांगायचं.

कशासाठी हवंय ते एका वाक्यात लिहा

खरंच कागदावर लिहा. "डोंगरात फिरताना कमरेला, वजन कमी, ५० यार्डांवर भरवशाचं" हे एक वाक्य झालं. "हरणाच्या शिकारीसाठी, १०० यार्डांपर्यंत" हे दुसरं. या दोन वाक्यांतून दोन पूर्ण वेगळ्या गन्स तयार होतात, बॅरलची लांबी वेगळी, साइट वेगळी, ग्रिप वेगळी. गनस्मिथला जर तुम्ही "एकदम मस्त करून द्या" एवढंच सांगितलंत तर तो त्याच्या आवडीची गन बनवून देईल, तुमच्या नाही.

याचं जुनं आणि फार सुंदर उदाहरण म्हणजे एल्मर कीथची नंबर फाइव्ह. वेस्टमधला शिकारी आणि आउटफिटर माणूस, १९२० च्या दशकाच्या शेवटी त्याने कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी घेऊन ती .४४ स्पेशलमधे बनवून घेतली, साडेपाच इंची बॅरल, वरची फ्रेम सपाट करून अ‍ॅडजस्टेबल साइट, मोठ्या डोक्याची बेस पिन (सिलिंडर जिच्याभोवती फिरतं तो दांडा) आणि तिला अडकवायला वेगळी खिट्टी, आणि बिस्ली (कोल्टचाच दुसऱ्या आकाराच्या मुठीचा प्रकार) व साध्या ग्रिपचा मेळ घालून केलेली नवीन ग्रिप. त्यात एक सुद्धा बदल उगाच नाही. बेस पिन निसटते म्हणून खिट्टी, रिकॉइलला मूळ ग्रिप हातात फिरते म्हणून नवीन ग्रिप. नक्षीकाम पण आहे, पण ते या सगळ्याच्या वर आलेलं आहे. आज शंभर वर्षं होत आली तरी लोक तीच गन समोर ठेवून ऑर्डर देतात.

बेस गन निवडताना

ब्लॅकहॉक १९५५ ला आली. १९७३ पासूनच्या न्यू मॉडेलमधे ट्रान्सफर बार आहे, म्हणजे ट्रिगर दाबलेला नसेल तर हॅमरचा दणका फायरिंग पिनपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे सहाही चेंबर भरून नेता येतात. त्याआधीच्या, फ्रेमवर तीन स्क्रू असलेल्या जुन्या मॉडेलमधे हे नाही. तिथे पाचच भरायच्या आणि हॅमर रिकाम्या चेंबरवर ठेवायचा, याला पर्याय नाही. रुगर जुन्या गन्सना फुकटात सेफ्टीचे पार्ट बसवून देते आणि काढलेले मूळ पार्ट परत पाठवते. कंपनीकडे दुसऱ्या कामासाठी पाठवलीत तरी हे बसवूनच येतं हे लक्षात ठेवा, कारण बदल न झालेल्या जुन्या गनला संग्राहक जास्त पैसे देतात. अशी अस्सल अवस्थेतली जुनी गन हाताला लागली तर माझं मत, तिला कापूच नका, तशीच ठेवा आणि कस्टमसाठी दुसरी झिजलेली शोधा.

फ्रेमच्या साइझचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. जुन्या .३५७ ब्लॅकहॉकची फ्रेम कोल्टच्या मापाची, म्हणजे लहान. १९७३ ला न्यू मॉडेल आल्यावर .३५७ सुद्धा .४४ मॅग्नमच्या मोठ्या फ्रेमवर गेली, आणि मग २००५ ला पन्नासाव्या वर्षाच्या एडिशनमधे लहान फ्रेम परत आली. .३५७ ची लहान फ्रेम घेऊन तिची .४४ स्पेशल करणं हे म्हणून इतकं लोकप्रिय काम आहे, हलकी, सुटसुटीत, कमरेला जाणवत नाही. पण ती मॅग्नम नाही हे विसरायचं नाही. .४४ स्पेशलचं ठरलेलं कमाल प्रेशर १५,५०० पीएसआय, .४४ मॅग्नमचं ३६,०००. कन्व्हर्शन झाल्यावर गनस्मिथ जी मर्यादा लिहून देईल तीच शेवटची.

गनस्मिथने हात लावायच्या आधी ही गन तुम्ही स्वतः भरपूर चालवा. किमान दोन-तीन वेगवेगळी काडतुसं, टेकूवरून, २५ यार्डांवर, प्रत्येक चेंबरला मार्करने नंबर देऊन. कुठल्या चेंबरची गोळी कुठे पडते ते टार्गेटवर लिहा. एकच चेंबर सारखं बाहेर टाकत असेल तर ती माहिती गनस्मिथला सोन्यासारखी आहे, नाहीतर ते शोधण्यात त्याचा वेळ आणि तुमचे पैसे जातात.

मोजमाप, आणि इथेच सगळा खेळ आहे

गन रिकामी करायची, दोनदा बघायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, सिलिंडर काढायचं. आता थ्रोट बघू. थ्रोट म्हणजे चेंबरचा पुढचा अरुंद भाग, जिथून गोळी सिलिंडरमधून बाहेर पडते. नियम साधा आहे, थ्रोट हा बॅरलच्या ग्रूव्हपेक्षा (बॅरलच्या आत कोरलेल्या खाचांच्या मापापेक्षा) किंचित मोठा किंवा फारतर बरोबरीचा हवा, लहान कधीच नको. लहान असला तर शिशाची गोळी तिथेच दबून बारीक होते, मग बॅरलमधे सैल जाते, कडेने गॅस निसटतो, बॅरलमधे शिसं चिकटतं आणि ग्रुप पसरतो, म्हणजे टार्गेटवर गोळ्या विखुरतात. .४५ कोल्टमधे फॅक्टरीतून आलेले घट्ट थ्रोट ही नेहमीची तक्रार आहे, .४५० किंवा .४५१ इंच, आणि गोळी .४५२ ची. घरच्या घरी बघायचं तर .४५२ ची गोळी, नुसती गोळी, काडतूस नाही, सिलिंडरच्या पुढच्या बाजूने थ्रोटमधे ठेवून पेन्सिलने हलकं ढकला. सरकली तर ठीक, अडकली तर घट्ट. सहाही बघा, कारण सहा वेगवेगळे निघू शकतात. गनस्मिथ पिन गेजने (ठरावीक मापाच्या पिनांनी) नेमकं मोजतो आणि रीमरने (भोक मोठं करायच्या हत्याराने) सगळे एका मापाला आणतो, .४५ साठी साधारण .४५२५. कस्टम कामातलं हे सगळ्यात स्वस्तातलं काम आणि फरक मात्र सगळ्यात मोठा, म्हणून ऑर्डरमधे पहिली ओळ हीच लिहा.

दुसरं बॅरल. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून बॅरलमधून हळूहळू ढकलला की हाताला कळतं कुठे जड जातंय. बॅरल फ्रेममधे जिथे स्क्रू होतं तिथे बरेचदा ती आवळलेली असते आणि तुकडा तिथे अडखळतो. याला गनस्मिथकडे उपाय आहेत, थोडंसं असेल तर लॅपिंग (आतून बारीक घासून गुळगुळीत करणं), जास्त असेल तर बॅरल काढून परत बसवणं किंवा नवीनच. त्याच वेळी फोर्सिंग कोन, म्हणजे बॅरलचं मागचं नरसाळ्यासारखं तोंड, ११ अंशांना कापून घ्या, आणि क्राउन, म्हणजे बॅरलच्या पुढच्या तोंडाची कड, ताजी करून घ्या. तिन्ही कामं एकदम झाली तर मजुरी वाचते.

तिसरं सिलिंडर आणि बॅरलमधली फट. फीलर गेजने (पातळ मापाच्या पट्ट्यांनी) .००४ ते .००६ इंच आली तर उत्तम, .०१० च्या आसपास गेली तर गॅस आणि वेग दोन्ही वाया. पण नुसती फट मोजून भागत नाही, सिलिंडर पुढेमागे किती हलतं ते पण मोजायला हवं, कारण सिलिंडर मागे ढकलून मोजलेली फट आणि पुढे ढकलून मोजलेली यात तफावत असेल तर तो खेळ आधी काढावा लागतो. जात्याचा खुंटा ढिला झाला की पाळी जशी डुगडुगते तसं बेस पिन ढिली असली की सिलिंडरचं होतं, म्हणून नेमक्या मापाची जाड बेस पिन बसवून घेणं हे छोटं पण शहाणपणाचं काम. जोरकस रिकॉइलला बेस पिन पुढे सरकून गन अडकू शकते, त्यामुळे तिच्या लॅचला जड स्प्रिंग किंवा सेट स्क्रूवाली पिन मागा.

चौथं टायमिंग. हॅमर हळू मागे ओढताना सिलिंडर पूर्ण फिरून कुलूप लागलं पाहिजे, हॅमर पूर्ण कॉक व्हायच्या आत किंवा अगदी त्याच क्षणी. बोटाने सिलिंडरला हलका अडथळा करून सहाही चेंबरला हे बघा. कुठे मागे पडत असेल तर चेंबर आणि बॅरल एका रेषेत येत नाहीयेत, आणि हे चालवत राहण्यासारखं नाही, गन तिथेच थांबवायची.

गनस्मिथ कसा शोधायचा

गावातल्या दुकानात स्कोप बसवून देणारा आणि सिंगल अ‍ॅक्शनचं सिलिंडर फिट करणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, दोघंही गनस्मिथच म्हणवतात. विचारायचे प्रश्न असे: या मॉडेलवर तुम्ही नेमकी कोणती कामं केलीत, पिन गेज आणि ट्रिगर गेज आहेत का, टेस्ट फायर करून टार्गेट देता का, आणि एखादं काम करायला तुम्ही नाही कधी म्हणता. या शेवटच्या प्रश्नावर माझा सगळ्यात जास्त भर असतो. ज्याच्याकडे "नाही" ची यादी आहे त्याच्यावर विश्वास ठेवा. दोन पाउंडाच्या खाली ट्रिगर करून द्या म्हटल्यावर जो लगेच हो म्हणतो त्याच्याकडे गन सोडू नका.

या क्षेत्रात मोठी नावं आहेत, टेनेसीचे हॅमिल्टन बोवेन, वायोमिंगचे दिवंगत जॉन लाइनबॉ ज्यांच्या नावाने .४७५ आणि .५०० ही काडतुसं आहेत. यांच्यासारख्यांच्या कामाचे फोटो बघून डोळा तयार करा, म्हणजे साधं काम आणि बारकाईचं काम यातला फरक कळायला लागतो. कोलोरॅडोत ट्रिनिडॅड स्टेट कॉलेजमधे गनस्मिथिंगचा रीतसर कोर्स आहे, तिथे शिकलेली माणसं बऱ्याच राज्यांत लहान लहान वर्कशॉप चालवतात, नाव मोठं नसतं पण हात चांगला असतो. वेटिंग मात्र धरून चाला, चांगल्या माणसाकडे महिने नाही तर वर्षं सुद्धा लागतात, आणि घाई करून काम चांगलं होत नाही.

ट्रिगर

ब्लॅकहॉकचा फॅक्टरी ट्रिगर साधारण चार-पाच पाउंडांचा, थोडा खरखरीत. तीन पाउंड, स्वच्छ तुटणारा, हे बहुतेक कामांना भरपूर आहे, थंडीत हातमोजे घालून शिकारीला जाणाऱ्याने तर याच्या खाली जाऊच नये. हे काम स्वतः करू नका असं मी कळकळीने सांगतो. सिअर (ट्रिगरचा हॅमरला धरून ठेवणारा भाग) आणि हॅमरच्या नॉचवर (तो अडकतो त्या खाचेवर) कडक स्टीलचा पातळ थर असतो, दगडाने जास्त घासलं की खालचं मऊ स्टील उघडं पडतं, ट्रिगर पहिल्या आठवड्यात लोण्यासारखा वाटतो आणि नंतर झिजत झिजत धोकादायक होतो. काम झाल्यावर पुश-ऑफ टेस्ट समोर करून दाखवायला सांगा, म्हणजे रिकामी गन कॉक करून अंगठ्याने हॅमर पुढे दाबला तर तो सुटता कामा नये.

हॅमरची स्प्रिंग हलकी करायचा मोह सगळ्यांना होतो. त्याने ट्रिगर थोडा हलका होतो खरा, पण प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) दणका कमी बसतो, आणि कडक प्रायमर असेल तर नुसतं क्लिक. शिकारीच्या किंवा अस्वलाच्या मुलखातल्या गनमधे मी फॅक्टरीची स्प्रिंगच ठेवायला सांगेन.

साइट, ग्रिप्स

पुढची साइट मुद्दाम उंच बसवून घ्या आणि मग रेंजवर घासून आणा, कारण घासता येतं, वाढवता येत नाही. गणित सोपं आहे: गोळी जेवढी खाली पडते ते इंच, गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले टार्गेटचं अंतर, सगळं इंचात. २५ यार्ड म्हणजे ९०० इंच. दोन साइटमधे ७ इंच असतील आणि गोळी ४ इंच खाली पडत असेल तर ४ गुणिले ७ भागिले ९००, म्हणजे साधारण .०३१ इंच घासायचं. एकदम सगळं नाही, अर्धं घासा, चालवा, परत घासा. आणि हे जे काडतूस कायम वापरणार त्याच्यावरच करा, जड गोळी आणि हलकी गोळी वेगळ्या उंचीवर पडतात.

ग्रिप्सचं तुमच्या हाताप्रमाणे. कोल्टसारखी नांगराच्या मुठीची ग्रिप हलक्या काडतुसाला सुंदर, हातात सरकून रिकॉइल जिरवते. जड काडतुसाला बिस्ली, ट्रिगर गार्डची मागची बाजू बोटांवर आपटत नाही. मोठा हात असणाऱ्याने आणि छोटा हात असणाऱ्याने एकच ग्रिप का घ्यावी हे मला कळत नाही, गनस्मिथला हाताचा कागदावर काढलेला आकार पाठवा, बरेच जण मागतात सुद्धा.

जुन्या गन्सवर दिसणाऱ्या त्या खडबडीत तपकिरी स्टॅग ग्रिप्स आपल्या सांबराच्या शिंगाच्या असतात, मेळघाट-ताडोबात फिरतं तेच सांबर. भारतातून त्याची निर्यात बंद झाली म्हणून अमेरिकेत जुना साठा महाग विकला जातो. सुट्टीला गेल्यावर गावाकडून गळून पडलेलं शिंग बॅगेत टाकून आणू असा विचार सुद्धा करू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधे हा गुन्हा आहे. हस्तिदंताच्या व्यापारावर पण अमेरिकेत २०१६ पासून जवळजवळ पूर्ण बंदी आहे. अक्रोडाचं चांगलं रेषा असलेलं लाकूड घ्या, हाताला उबदार लागतं आणि ओरखडे पडले तरी परत घासून तेल लावता येतं.

फिनिश

यावर मी फार बोलणार नाही. पावसापाण्यात नेणार असाल तर स्टेनलेस, बीड ब्लास्ट केलेलं, चमकत नाही. ब्लू हवं असेल तर सगळं फिटिंग, टेस्ट फायर आणि साइट घासणं झाल्यावरच, नाहीतर घासलेली साइट पांढरी दिसत राहते. रंगीत केस हार्डनिंग (स्टीलचा वरचा थर कडक करताना उमटणारे रंग) दिसतं अप्रतिम, पण फ्रेम भट्टीत जाते आणि वाकण्याचा धोका असतो, त्यामुळे ज्याचं तेच काम आहे त्यालाच द्या.

ऑर्डर लिहिणं आणि पाठवणं

फोनवर ठरलेलं सगळं परत लेखी पाठवा. प्रत्येक काम वेगळ्या ओळीत, माप आकड्यात: थ्रोट .४५२५, फट .००५, ट्रिगर ३ पाउंड, पुढची साइट किती उंच, बॅरल किती लांब. काढलेले सगळे जुने पार्ट परत हवेत ही ओळ विसरू नका. खर्चाची वरची मर्यादा लिहा आणि त्यापुढे गेलं तर आधी फोन, हे पण. तुमची नंबर घातलेली टार्गेट्स आणि वापरणार त्या काडतुसाची माहिती सोबत जोडा.

पाठवताना गन रिकामी, काडतूस एकही नाही, सिरीयल नंबरचे फोटो काढलेले. सामान्य नागरिकाला स्वतःची हँडगन दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यातल्या लायसन्सधारक गनस्मिथकडे पाठवता येते, आणि तो काम झाल्यावर थेट तुमच्या पत्त्यावर परत पाठवू शकतो. पण मोठ्या कुरिअर कंपन्या आता साध्या ग्राहकाकडून हँडगन घेत नाहीत आणि पोस्टाच्या वाटेला १९२७ चा कायदा आडवा येतो, म्हणून सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे जवळच्या गन डीलरला फी देऊन त्याच्यामार्फत पाठवणं. इन्शुरन्स पूर्ण किमतीचा.

परत आल्यावर

आधी टेबलावर, रिकाम्या गनवर, यादी घेऊन बसा. फट मोजा, सहाही चेंबरला टायमिंग बघा, पुश-ऑफ बघा, .४५२ ची गोळी सहाही थ्रोटमधून सरकते का बघा. मग रेंजवर, डोळ्याला-कानाला संरक्षण घालून, सुरुवातीला एकच काडतूस भरून. काडतुसाचं रिकामं केस बघा, प्रायमरवरचा ठसा मधोमध आणि खोल आहे ना, केस सहज निघतंय ना. मग दोन, मग पूर्ण. पुन्हा तेच २५ यार्ड, तोच टेकू, तेच नंबर घातलेले चेंबर, आणि नवीन टार्गेट जुन्याच्या शेजारी लावा. काही चुकत असेल तर लगेच फोटोसकट गनस्मिथला कळवा, स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत शिरू नका, त्याच्या कामाची हमी तिथेच संपते. शंभरेक गोळ्या झाल्यावर सगळे स्क्रू परत एकदा तपासा, नवीन बसवलेले पार्ट सुरुवातीला थोडे बसतात, आणि पुढची साइट घासायचं शेवटचं थोडं काम आता करा, ब्लू करायचं ठेवलं असेल तर ते त्यानंतर.